राजपुत्राची शिकवणी आणि नागरिकाची तासिका : राज्यशास्त्राच्या वैयक्तिक अध्यापनाचा बडोदे संस्थानातील प्रयोग (१८७५ ते १८८१)

१. प्रस्तावना

राज्यकारभाराचे ज्ञान कोणाला द्यावे, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक काळात त्या काळाची राज्यव्यवस्था देत आली आहे. राजेशाहीत हे ज्ञान राजपुत्राला दिले जाई आणि ते देणारा गुरू त्याच्यासमोर एकटा बसे. लोकशाहीत सत्तेचा उगम प्रजेत मानला गेला. साहजिकच राज्यशास्त्राचा विद्यार्थीही बदलला आणि राजपुत्राच्या जागी सामान्य कुटुंबातील मुलगा-मुलगी आली. मात्र विद्यार्थी बदलताना अध्यापनाची पद्धतही बदलली. एकास एक चालणाऱ्या पाठाची जागा भरलेल्या वर्गातील तासिकेने घेतली. या बदलात काय मिळाले आणि काय हरवले, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही.

बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांना १८७५ ते १८८१ या काळात मिळालेले शिक्षण हे राज्यशास्त्राच्या वैयक्तिक अध्यापनाचे आधुनिक भारतातील एक ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या उदाहरणाचा अभ्यास करून त्याच्या प्रकाशात आजच्या उच्च माध्यमिक स्तरावरील राज्यशास्त्राच्या अध्यापनाकडे पाहण्याचा प्रयत्न केला आहे. लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

अ) बडोद्यातील वैयक्तिक शिकवणीचे स्वरूप व तिची मर्यादा समजून घेणे.
ब) ही परंपरा सामान्य नागरिकापर्यंत कोणत्या रूपात पोहोचली याचा शोध घेणे.
क) इयत्ता अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला राज्यशास्त्रात वैयक्तिक मार्गदर्शन का आवश्यक आहे, हे स्पष्ट करणे.

२. पूर्वपरंपरा

राजपुत्राला नीती शिकविण्याची परंपरा भारतात प्राचीन आहे. पंचतंत्राची चौकटच मुळी विष्णुशर्मा हा पंडित राजाच्या तीन मुलांना सहा महिन्यांत शहाणे करतो, या कथेवर उभी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही राजपुत्राच्या विद्याभ्यासाला महत्त्वाचे स्थान आहे. मराठी भाषेपुरते पाहिल्यास परंपरेने रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे ओळखले जाणारे 'आज्ञापत्र' हा या प्रकारचा सर्वांत मोलाचा ग्रंथ ठरतो. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, कोल्हापूरच्या तरुण संभाजीराजांच्या काळात तो सिद्ध झाला. दुर्ग, आरमार, सावकार, वतनदार, परकीय टोपीकर व्यापारी अशा प्रत्यक्ष कारभारातील विषयांवर त्यात विवेचन आहे. शिवकालापासून राज्य सांभाळलेल्या एका वृद्ध कारभाऱ्याचा अनुभव नव्या पिढीच्या हाती देण्याचा हा प्रयत्न होता.

या परंपरेचे एक समान सूत्र दिसते. राज्यशास्त्र हे ग्रंथातून आधी आणि अनुभवातून नंतर, असे शिकविले जात नव्हते. अनुभवी माणूस आपला अनुभव एका विशिष्ट शिष्याच्या वयाला, स्वभावाला व त्याच्यापुढे उभ्या असलेल्या अडचणींना अनुरूप करून सांगत होता.

३. बडोद्यातील पार्श्वभूमी

१८७५ साली मल्हारराव गायकवाड यांना इंग्रज सरकारने पदच्युत केले. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावरील विषप्रयोगाच्या आरोपाची चौकशी करणाऱ्या आयोगात युरोपीय व भारतीय सदस्यांचे एकमत झाले नाही. अखेर गैरकारभाराचे कारण देऊन सरकारने आपला निर्णय अमलात आणला. खंडेराव महाराजांच्या विधवा महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली आणि नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावच्या काशीराव गायकवाड यांचा गोपाळराव हा मुलगा २७ मे १८७५ रोजी दत्तक विधीनंतर सयाजीराव झाला. त्या वेळी त्याचे वय बारा वर्षांचे होते. शेतकरी कुटुंबात वाढलेल्या या मुलाचा औपचारिक शिक्षणाशी फारसा संबंध आलेला नव्हता. बडोद्यास कशासाठी आलास, असे विचारता 'राज्य करण्यासाठी' असे उत्तर त्याने दिल्याची आख्यायिका महाराष्ट्रात आजही सांगितली जाते. तिची सत्यासत्यता बाजूला ठेवली, तरी राज्य करणे म्हणजे काय हे त्याला पुढील सहा वर्षांत शिकवावे लागणार होते, एवढे खरे.

हे काम प्रामुख्याने दोन व्यक्तींकडे आले. एफ. ए. एच. इलियट या सनदी अधिकाऱ्याची शिक्षक म्हणून नेमणूक झाली. बडोद्याच्या राज्यकर्त्यांवरील 'द रूलर्स ऑफ बरोडा' (१८७९) हा ग्रंथही इलियट यांच्याच नावावर आहे. म्हणजे शिक्षक आपल्या शिष्याच्या घराण्याचा इतिहास स्वतः अभ्यासत होता. दुसरी व्यक्ती म्हणजे संस्थानचे दिवाण सर टी. माधवराव.

माधवरावांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम येथे तंजावरकडील मराठी भाषक कुटुंबात झाला. मद्रासला शिक्षण घेतल्यावर १८४९ साली ते त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले. पुढे ते त्याच संस्थानाचे दिवाण झाले. नंतर इंदूर येथे आणि १८७५ पासून बडोद्यात त्यांनी दिवाणगिरी सांभाळली. शिक्षक ते प्रशासक असा त्यांचा प्रवास येथे लक्षात घ्यावा लागतो. कारभारात पंचवीस वर्षांहून अधिक काळ घालविल्यानंतर ते पुन्हा एका तरुणासमोर शिक्षक म्हणून बसले होते.

४. शिकवणीचे स्वरूप

राज्यकारभाराची सूत्रे हाती येण्यापूर्वी, १८८१ साली, माधवरावांनी सयाजीरावांना शासनविषयक व्याख्याने दिली. ती 'मायनर हिंट्स' या नावाने मुद्रित झाली. 'मायनर' हा शब्द येथे अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या राजाला उद्देशून आहे. दीर्घकाळ उपेक्षित राहिलेला हा ग्रंथ राहुल सागर यांनी २०२२ साली संपादित स्वरूपात पुन्हा अभ्यासकांसमोर आणला. अर्थशास्त्राची संहिता १९०५ साली आर. शामशास्त्री यांच्या हाती आली व १९०९ साली प्रसिद्ध झाली. तेव्हा १८८१ मध्ये माधवरावांना कौटिल्याचा आधार घेणे शक्यच नव्हते. त्यांच्यासमोर होता तो स्वतःचा अनुभव, इंग्रजी राजकीय विचारांचे वाचन आणि देशी राज्यव्यवहाराचे संस्कार.

या व्याख्यानांतील मुख्य आशय असा आहे : शासनाचा हेतू प्रजेचे सुख हा होय. राजाची खाजगी मालमत्ता व राज्याचा कोश यांत भेद राखला पाहिजे. कायदा राजाच्या लहरीपेक्षा श्रेष्ठ मानला पाहिजे. चांगला दिवाण व खातेप्रमुख निवडून त्यांच्यावर विश्वास ठेवावा, त्यांच्या दैनंदिन कामात वारंवार हस्तक्षेप करू नये. घाईने वचने देऊ नयेत. सार्वभौम इंग्रज सत्तेशी संबंध सावधपणे राखावेत.

अध्यापनपद्धतीच्या दृष्टीने या शिकवणीची तीन वैशिष्ट्ये सांगता येतात.

पहिले, तिचा आरंभ व्याख्येपासून होत नाही. सार्वभौमत्व, कायदा, न्याय यांच्या तात्त्विक व्याख्या सांगण्यापेक्षा राजापुढे उद्या कोणता प्रसंग उभा राहील, तेव्हा कोणता मोह होईल आणि त्यातून काय बिघडेल, या क्रमाने विषय उलगडतो. तत्त्व प्रसंगाच्या पोटातून बाहेर येते.

दुसरे, ही शिकवणी एका विशिष्ट विद्यार्थ्यासाठी आहे. आदल्या राजाची कारकीर्द कशी संपली हे बडोद्यात सर्वांनाच ठाऊक होते. खाजगी खर्च व राज्याचा कोश, मर्जीतील माणसे व जबाबदार अधिकारी, यांविषयीचा उपदेश त्या ताज्या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर वाचला म्हणजे त्याची धार कळते.

तिसरे, शिकविणाऱ्याने स्वतः ते काम केलेले होते. शिष्याने शंका विचारली, तर तिला त्रावणकोर, इंदूर वा बडोदे येथील अनुभवाच्या आधारे उत्तर देता येईल, अशी त्याची तयारी होती.

५. दुसरा पाठ : जोतीराव फुले

२८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांना राज्याधिकार प्राप्त झाले. दरबारी शिकवणी संपली. मात्र त्यांना याच सुमारास मिळालेल्या आणखी एका पाठाची नोंद इतिहासात आहे आणि राज्यशास्त्राच्या अध्यापनाच्या दृष्टीने ती तितकीच महत्त्वाची आहे. जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ सालच्या ग्रंथाच्या उपोद्घातात तो कोठे कोठे वाचून दाखविला हे सांगितले आहे. अनेक गावांतील लोकांबरोबरच बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही तो लक्षपूर्वक ऐकून घेतल्याचा व आपला सन्मान केल्याचा उल्लेख ते करतात.

या दोन पाठांची तुलना उद्बोधक आहे. माधवरावांचे राज्यशास्त्र सिंहासनावरून खाली पाहते. राज्य सुरळीत कसे चालवावे, हा त्याचा प्रश्न आहे. फुल्यांचे राज्यशास्त्र शेताच्या बांधावरून वर पाहते. सारा, कर्ज, कुलकर्ण्याची लेखणी, कचेरीतील दिरंगाई आणि विद्येचा अभाव यांखाली दबलेल्या शेतकऱ्याला राज्य कसे दिसते, हा त्याचा प्रश्न आहे. याच फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन सादर करून, उच्च वर्गाच्या शिक्षणावर होणारा खर्च व बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची उपेक्षा यांतील विसंगती उघड केली होती. शेतकरी कुटुंबातून आलेल्या विशीतील राजाने हा दुसरा पाठ ऐकून घेतला. राज्यशास्त्राचे शिक्षण पूर्ण व्हायचे असेल, तर सत्तेचा अनुभव सांगणाऱ्याइतकीच सत्तेची झळ सोसणाऱ्याचीही साक्ष विद्यार्थ्यापर्यंत पोहोचावी लागते, असा निष्कर्ष यातून काढता येतो.

६. फलित व मर्यादा

वैयक्तिक शिकवणीचे यश शिष्य गुरूच्या आज्ञेत राहतो की नाही, यावरून मोजू नये. अधिकार मिळाल्यानंतर वर्षभरातच मतभेदांमुळे माधवरावांनी १८८२ साली बडोदे सोडले. शिष्याने स्वतंत्रपणे निर्णय घेण्यास सुरुवात केली होती. इंग्रज सत्तेशी जुळवून घेण्याचा उपदेश मिळालेल्या याच राजाचे १९११ च्या दिल्ली दरबारातील वर्तन सरकारला खटकले. शिक्षणाच्या बाबतीत १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग त्यांनी केला व १९०६ साली तो संस्थानभर लागू केला. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना कोलंबिया विद्यापीठातील अध्ययनासाठी बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली, ही घटना तर सर्वश्रुत आहे.

कोल्हापुरातही समांतर चित्र दिसते. राजर्षी शाहू महाराजांना राजकोट येथील राजकुमार महाविद्यालयानंतर धारवाड येथे एस. एम. फ्रेझर यांचे वैयक्तिक मार्गदर्शन लाभले. १८९४ साली अधिकार मिळाल्यावर १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश आणि १९१७ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय त्यांनी घेतला. या धोरणांचे सर्व श्रेय शिक्षकांना देणे अनैतिहासिक ठरेल. १८९९-१९०० च्या सुमारास उद्भवलेले वेदोक्त प्रकरण, सत्यशोधक विचार व संस्थानातील सामाजिक वास्तव यांचा वाटा त्यात मोठा आहे. तथापि एकट्याला मिळालेले शिक्षण सर्वांना खुले करण्याची प्रेरणा या दोन्ही राजांच्या ठायी दिसते, याची नोंद घ्यावी लागते.

या शिकवणीची मर्यादाही स्पष्ट आहे. ती एका व्यक्तीच्या चारित्र्यावर सारे राज्य सोपविते. प्रजेला राज्यकारभार समजावा, ही अपेक्षा तिच्या मुळाशी नाही. इंग्रज सत्तेला उपद्रव न होणारा राजा घडविणे, हाही तिचा एक हेतू होता.

७. राजपुत्राकडून नागरिकाकडे

सक्तीच्या शिक्षणाने अक्षरओळख, हिशेब, भूगोल सामान्य घरात पोहोचला. राज्यकारभाराचे ज्ञान मात्र त्याच वाटेने, त्याच आस्थेने पोहोचले नाही. इंग्रजी अमलातील शाळांत ते आले ते सर विल्यम ली-वॉर्नर यांच्या 'द सिटिझन ऑफ इंडिया' (१८९७) यासारख्या पाठ्यपुस्तकांतून. साम्राज्याचे लाभ जाणणारा व कायदा पाळणारा प्रजाजन घडविणे हा त्याचा रोख होता. राजपुत्राला निर्णय कसा घ्यावा हे शिकविले गेले. विद्यार्थ्याला निर्णय कसा मान्य करावा हे शिकविले गेले.

स्वातंत्र्यानंतर संविधानाने हे नाते बदलले. पाठ्यक्रमही बदलला. नागरिकशास्त्राच्या जागी राज्यशास्त्र आले. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नंतर राष्ट्रीय स्तरावरील पाठ्यपुस्तके योगेंद्र यादव व सुहास पळशीकर यांच्या मार्गदर्शनाखाली प्रश्न विचारण्यास प्रवृत्त करणाऱ्या स्वरूपात तयार झाली. महाराष्ट्रात दहावीच्या 'इतिहास व राज्यशास्त्र' या पाठ्यपुस्तकात निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी, लोकशाहीसमोरील आव्हाने हे घटक आले. आशय समृद्ध झाला. तो एका विद्यार्थ्यापर्यंत पोहोचविण्याची पद्धत मात्र विचाराधीन आली नाही.

येथे एक योगायोग नोंदविण्यासारखा आहे. राज्याधिकार मिळाले तेव्हा सयाजीरावांचे वय अठरा वर्षांचे होते. ६१ व्या घटनादुरुस्तीने (१९८८) मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले. आज बारावीचा विद्यार्थी साधारण त्याच वयात सार्वभौमत्वाचा भागीदार होतो. एकाच्या तयारीसाठी सहा वर्षे एक दिवाण, एक सनदी अधिकारी व सारा दरबार राबला. दुसऱ्याच्या वाट्याला आठवड्यातील मोजक्या तासिका येतात.

८. कनिष्ठ महाविद्यालयातील स्थिती

महाराष्ट्रात खाजगी शिकवणीचा विस्तार मोठा आहे, पण त्याचा ओघ विज्ञान शाखेकडे आहे. 'लातूर पॅटर्न' हा शब्द उच्चारताच वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेश आठवतात. राज्यशास्त्राची शिकवणी मिळते ती पुण्याच्या सदाशिव पेठेत, स्पर्धा परीक्षेच्या उमेदवाराला. म्हणजे ज्याला प्रशासनात जाऊन सत्ता राबवायची आहे, त्याच्यासाठी हा विषय पैसे देऊन शिकण्यायोग्य ठरतो. जो केवळ मतदार राहणार आहे, त्याच्या हाती गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच येतो. राजपुत्राच्या शिकवणीचा हा नवा अवतार म्हणावा लागेल.

या विषयात वैयक्तिक मार्गदर्शनाची गरज का आहे, हे भाषेच्या एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. मराठीत 'राज्य' हा शब्द राज्यसंस्था, संघराज्यातील घटक राज्य आणि राजाची राजवट या तिन्ही अर्थांनी येतो. 'अधिकार' या शब्दात हक्क, सत्ता आणि पदाचा अधिकार हे सारे सामावते. 'शासन' म्हणजे सरकार आणि शिक्षाही. प्रथम वर्ष कला शाखेत येणारे अनेक विद्यार्थी बारावीला चांगले गुण मिळवूनही राज्य व शासन यांतील फरक स्वतःच्या शब्दांत सांगू शकत नाहीत, असा प्रस्तुत लेखकाचा अध्यापनातील अनुभव आहे. व्याख्या त्यांना पाठ असते. भरलेल्या वर्गात शिक्षकाने फरक सांगितला तरी कोणाच्या मनात कोणता अर्थ घट्ट बसला आहे, हे कळत नाही. ते कळते विद्यार्थ्याला समोर बसवून, त्याच्या गावच्या ग्रामपंचायतीचे उदाहरण देऊन, 'यातील सरकार कोणते, राज्यसंस्था कोणती' असे विचारल्यावर. तो अडखळतो ती जागाच खऱ्या अध्यापनाचा आरंभ असते.

बारावीच्या पाठ्यक्रमातील जागतिकीकरण, सुशासन, राष्ट्रीय एकात्मता हे घटक तर विद्यार्थ्याच्या स्वतःच्या जीवनाशी जोडल्याशिवाय उमगत नाहीत. गावातील बंद पडलेली सूतगिरणी, सेवा केंद्रावर अडकलेला दाखला, न झालेली ग्रामसभा यांतून तो या संकल्पनांपर्यंत पोहोचू शकतो. ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले. त्या सभेत विद्यार्थ्याची आई बोलू शकते का, हा राज्यशास्त्राचाच प्रश्न आहे. फुल्यांनी सयाजीरावांना दिलेला पाठ याच जातीचा होता.

यावर सशुल्क खाजगी शिकवणी हा उपाय नव्हे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २८ ने त्या कायद्याच्या कक्षेतील शिक्षकांना खाजगी शिकवण्या घेण्यास मनाई केली, त्यामागील समतेचा विचार येथेही लागू पडतो. राज्यशास्त्र शुल्क देणाऱ्यालाच नीट कळले, तर आपण दरबारी व्यवस्थेकडेच परत गेलो असे होईल. आपल्या महाविद्यालयांत मूल्यांकनाच्या निमित्ताने विद्यार्थी-पालक शिक्षक योजना अस्तित्वात आहेत. त्यांच्या नोंदवह्या नियमित भरल्या जातात. या योजनांना विषयाच्या अध्ययनाशी जोडणे, हा व्यवहार्य मार्ग वाटतो. एका विद्यार्थ्याला एका सत्रात अर्ध्या तासाच्या चार बैठकी मिळाल्या, प्रत्येक बैठकीसाठी त्याने स्वतःच्या परिसरातील एका राजकीय प्रसंगावर एक पान लिहून आणले, आणि शिक्षकाने त्यावरच प्रश्न विचारले, तरी वर्गाध्यापनाचे स्वरूप पालटेल. अर्थात तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकाकडून हे विनामोबदला अपेक्षिणे अन्यायाचे आहे. या बैठकी कार्यभारात धरल्या गेल्या पाहिजेत. माधवरावांना शिकविण्यासाठी वेळ मिळाला, कारण राज्याने ते राज्याचे काम मानले होते.

९. निष्कर्ष

१) बडोद्यातील शिकवणीचे सामर्थ्य प्रसंगाधारित आशय, विद्यार्थ्याच्या परिस्थितीची जाण आणि शिक्षकाचा प्रत्यक्ष अनुभव या तीन गोष्टींत होते.

२) माधवरावांच्या पाठाबरोबर फुल्यांचा पाठही विचारात घेतला, तरच सयाजीरावांच्या राजकीय शिक्षणाचे चित्र पूर्ण होते. शासकाची व शासिताची अशा दोन्ही दृष्टी राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला मिळणे आवश्यक आहे.

३) सक्तीच्या शिक्षणाने विद्या सार्वत्रिक झाली, परंतु राज्यकारभाराच्या ज्ञानातील वैयक्तिक आस्था सार्वत्रिक झाली नाही. आज ती स्पर्धा परीक्षेच्या बाजारात विकत मिळते.

४) उच्च माध्यमिक स्तरावर वैयक्तिक मार्गदर्शन ही मागे पडलेल्या विद्यार्थ्यासाठीची सवलत न मानता, राज्यशास्त्राच्या अध्यापनाचा नियमित व कार्यभारात गणला जाणारा भाग मानावा.

अठराव्या वर्षी ज्याच्या हाती राज्य यायचे, त्याला राज्यशास्त्र नीट समजावे म्हणून एके काळी एक संस्थान झटले. आज अठराव्या वर्षी मतदानाचा अधिकार प्रत्येकाच्या हाती येतो. त्याची तयारी करून देण्याची जबाबदारी कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालयांतील अध्यापकांकडे आली आहे आणि तिचा आरंभ विद्यार्थ्याशी समोरासमोर बसून होणाऱ्या एका संवादापासून करता येण्यासारखा आहे.